खोडलेली ओळ

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहा, असा शाळेचा निरोप आला आणि मला आठवली ती नववीतली निबंधाची वही. विषय होता ‘मनाला चटका लावणारा प्रसंग’. त्या सुट्टीत माझी आजी गेली होती. दोन वर्षं ती अंथरुणाला खिळून होती. रात्री-अपरात्री हाका मारायची, आई आणि मी आळीपाळीने उठायचो. निबंधात मी अश्रू, पोरकेपणा, रिकामी खाट असं सगळं रीतसर लिहिलं. मध्येच एक वाक्य येऊन गेलं : ‘आजी गेली तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं.’ ते मी लगेच खोडलं. तीनदा.

वही परत आली तेव्हा मराठीच्या बाईंनी त्या खोडलेल्या ओळीशेजारी समासात लिहिलं होतं, ‘निबंध इथून सुरू होतो.’ एरवी त्या लाल शाईने तपासायच्या. हे मात्र पेन्सिलीने होतं, मला पुसावंसं वाटलं तर पुसता यावं म्हणून.

मग त्यांनी वाचनालयातून लक्ष्मीबाई टिळकांचं ‘स्मृतिचित्रे’ काढून दिलं. पहिला भाग १९३४चा. वडिलांच्या सोवळ्याच्या अतिरेकापायी घरच्यांचे झालेले हाल, नवऱ्याचा तापटपणा, तो ख्रिस्ती झाल्यावर स्वतःच्या मनाची झालेली दैना, यातलं काहीही झाकलेलं नाही. तरीही कुणाबद्दलची माया आटलेली नाही. तोवर मला वाटायचं, एखाद्या माणसाचा राग तरी खरा असतो, नाहीतर माया तरी.

पुढे ‘कळ्यांचे निःश्वास’ वाचलं. शिकलेल्या, अविवाहित मुलींच्या मनातली ओढ आणि घुसमट १९३३ साली छापून आली, तीही विभावरी शिरूरकर या टोपणनावाने. केवढा गदारोळ झाला! सुनीता देशपांडे यांचं ‘आहे मनोहर तरी’ (१९९०) आलं तेव्हा पुष्कळांनी त्यात फक्त नवऱ्याबद्दलच्या तक्रारी शोधल्या. बाईने स्वतःलाही किती कठोरपणे तपासलंय, याबद्दल कमीच बोललं गेलं. बायकांच्या अशा लिखाणाला ‘रडगाणं’ म्हणतात तेव्हा आजही माझ्या अंगाची लाही होते. दुःख लिहिणं त्या मानाने सोपं, त्याला सहानुभूती मिळते. मत्सर, कंटाळा, आपल्याच माणसाचा आलेला वीट लिहायला बसलं की हात थांबतो. माझा अजूनही थांबतो.

तो निबंध मी पुन्हा लिहिला खरा, पण बाईंना दाखवायचा धीर झाला नाही. वीस वर्षांनी त्याचीच कथा झाली आणि एका मासिकात आली. आईने ती वाचली तेव्हा मी स्वयंपाकघरात उगाच भांडी लावत होते. बराच वेळ बाहेरून काही आवाज नाही. मग ती दारात येऊन उभी राहिली.

“मलाही तसंच वाटलं होतं गं,” ती म्हणाली. “पण बोलायचं कुणाजवळ?”