बेउखातुफ, व्येलुन, कातोवित्से: व्लाझ्वीच्या मागावर

वूच शहरातून बेउखातुफला जायला बस घ्यावी लागते. अंतर साधारण पन्नास किलोमीटर. माझा भाचा वूचमध्ये शिकतो, तो आदल्या रात्रीपर्यंत मला समजावत होता. "मामा, लोक पोलंडला येऊन क्राकूफ बघतात, ग्दान्स्क बघतात. कोळशाच्या खाणीचं गाव बघायला कोण जातं?" मी जात होतो मारिउश व्लाझ्वीसाठी. व्हॉलीबॉल बघणाऱ्याला हे नाव नव्याने सांगायला नको. न बघणाऱ्यांसाठी एवढंच सांगतो की 2014 च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत पोलंड जिंकला, त्या स्पर्धेचा सर्वोत्तम खेळाडू हा माणूस होता. आणि 2003 ते 2020 अशी सलग 17 वर्षं तो या खाणीच्या गावातल्या एकाच क्लबाकडून खेळला.

गाव पंचावन्न हजारांच्या आसपास वस्तीचं. रुंद रस्ते, चार-पाच मजली सरळसोट इमारती, मधे झाडी. बहुतेक सगळं बांधकाम खाण आणि वीजकेंद्र आल्यानंतरचं. हे वीजकेंद्र म्हणजे युरोपातलं कोळशावर चालणारं सर्वांत मोठं केंद्र, क्षमता पाच हजार मेगावॉटच्या वर. दोन चिमण्या प्रत्येकी 300 मीटर उंच. आम्ही क्लेश्चुफकडच्या बाजूने खाण बघायला गेलो. कठड्याला टेकून खाली बघितलं तर तळ लांबच लांब, दोनशे मीटरहून खोल, आणि त्यात फिरणारी चाकवाली अजस्र यंत्रं अगदी चिमुकली दिसत होती. खणून काढलेल्या मातीचा जवळच डोंगर झालाय, त्याच्या उतारावर हिवाळ्यात लोक स्कीइंग करतात.

हे सगळं सांगण्याचं कारण असं की स्क्रा बेउखातुफ हा क्लब या वीजकेंद्रामुळे उभा राहिला. क्लबाची स्थापना 1930 ची, पण व्हॉलीबॉलमध्ये दबदबा झाला तो वीज कंपनीचा पैसा आल्यावर. 2005 ते 2011 अशी सलग सात वर्षं पोलिश लीगचं विजेतेपद या गावात आलं, पुढे 2014 आणि 2018 मध्ये पुन्हा. नऊच्या नऊ वेळा व्लाझ्वी संघात होता. पैसा होता म्हणून चांगले खेळाडू आले हे खरं, पण पैशासाठी आलेला खेळाडू जास्त पैसा दिसला की जातो. त्या काळात इटली आणि रशियातले क्लब युरोपभरातून माणसं उचलत होते. व्लाझ्वी जागचा हलला नाही. माझ्या लेखी त्याच्या कारकिर्दीतली सगळ्यात मोठी गोष्ट हीच, पदकं त्यानंतर.

संध्याकाळी 'हाला एनर्गिया' या क्लबाच्या स्टेडियममध्ये सामना होता. स्टेडियम म्हटल्यावर डोळ्यांसमोर जे येतं त्यापेक्षा हॉल लहान, तीनेक हजारांच्या आतला. त्यामुळे शेवटच्या रांगेतूनही चेंडूवर हात पडल्याचा आवाज स्पष्ट येतो. सगळीकडे पिवळं आणि काळं. आजी-आजोबा, कडेवर पोरं घेतलेले आईबाप, पाहुण्या संघाचे समर्थकही त्याच गर्दीत, मधे कुठे कुंपण नाही. ढोल वाजायला लागले की सगळा हॉल एका ठेक्यात टाळ्या वाजवतो. माझ्या पुढच्या रांगेत आठ-नऊ वर्षांचा मुलगा 2 नंबरची पिवळी जर्सी घालून बसला होता, पाठीवर व्लाझ्वीचं नाव. जर्सी त्याच्या गुडघ्यापर्यंत येत होती, मोठ्या भावाची नाहीतर बापाची असणार. 2018 नंतर स्क्राला लीग जिंकता आलेली नाही, म्हणजे या पोराने क्लबाचे चांगले दिवस पाहिलेलेही नाहीत.

मी कॉलेजात लिफ्टर होतो, त्यामुळे माझं लक्ष स्मॅशरच्या आधी चेंडू उठवणाऱ्याकडे जातं. व्लाझ्वी लिफ्टरच्या तिरप्या कोपऱ्यातून खेळायचा. पास बिघडला, चेंडू नेटपासून लांब गेला, की लिफ्टर डोळे मिटून याच जागी चेंडू टाकतो आणि समोर दोघातिघांचा ब्लॉक आधीच उभा असतो. या जागेवर हल्ली दोन मीटरच्या वरची माणसं लागतात. व्लाझ्वी 1.94 मीटर. उंचीची कसर तो उडीने भरून काढायचा, आणि हवेत असताना ब्लॉक करणाऱ्याचे हात बघून मनगट वळवायचा. त्याची जंप सर्व्हिस तर मी जुन्या चित्रफितींमध्ये थांबवून थांबवून बघितली आहे. चेंडू उंच आणि बराच पुढे टाकायचा, मग लांब धाव, आणि फटका बसतो तेव्हा शरीर रेषेच्या कितीतरी आत पोहोचलेलं. आमच्याकडे गावोगावी शूटिंग बॉल खेळणाऱ्यांनी ही सर्व्हिस जरूर बघावी.

व्येलुनला मात्र आम्ही फार थांबलो नाही. हे त्याचं जन्मगाव, 1983 सालचा जन्म. 1 सप्टेंबर 1939 च्या पहाटे जर्मन विमानांनी इथे बॉम्ब टाकले, रुग्णालयही त्यातून सुटलं नाही, गावाचा बहुतेक मध्यभाग जमीनदोस्त झाला. दुसऱ्या महायुद्धाचे पहिले बॉम्ब ज्या गावांवर पडले त्यातलं हे एक. चौकात पडलेल्या चर्चच्या पायाचे अवशेष जपून ठेवले आहेत. तिथे उभं राहिल्यावर खेळाचं बोलणं आपोआप थांबलं.

कातोवित्सेचं स्पोदेक बघायची माझी कितीतरी वर्षांची इच्छा. 1971 मध्ये सुरू झालेलं हे गोल सभागृह उडत्या तबकडीसारखं दिसतं. 21 सप्टेंबर 2014 ला अंतिम सामना इथेच झाला. समोर ब्राझील, आधीच्या तिन्ही स्पर्धा जिंकलेला. 2006 च्या अंतिम सामन्यात याच ब्राझीलने टोकियोत पोलंडला 3-0 असं झोपवलं होतं, त्या संघातही व्लाझ्वी होता. त्यानंतरचा त्याचा आणि राष्ट्रीय संघाचा संसार काही सुखाचा नव्हता. 2009 मध्ये पोलंड युरोपचा विजेता झाला तेव्हा तो संघात नव्हता, 2012 च्या लंडन ऑलिंपिकलाही नव्हता. लोकांनी त्याला बरंच ऐकवलं. मग स्तेफान आंतिगा प्रशिक्षक झाला. आंतिगा फ्रान्सचा, पण स्क्रामध्ये व्लाझ्वीच्या बरोबरीने खेळलेला. त्याच्या संघात व्लाझ्वी परतला.

त्या दिवशी पहिला सेट पोलंडने 18-25 असा घालवला. पुढचे तीन 25-22, 25-23, 25-22. एकाही सेटमध्ये मोकळा श्वास नाही. एरवी पैसे भरून बघावी लागणारी वाहिनी त्या सामन्यापुरती सगळ्यांसाठी खुली केली होती. पोलंडला हे विजेतेपद याआधी 1974 मध्ये, हुबर्ट वाग्नरच्या प्रशिक्षणाखाली मिळालं होतं, म्हणजे मधे 40 वर्षं गेली होती. आणि या विजयानंतर व्लाझ्वीने राष्ट्रीय संघ सोडला. वय 31. कर्णधार मिखाउ विन्यार्स्की, लिफ्टर झागुम्नी आणि लिबेरो (म्हणजे फक्त बचाव करणारा खेळाडू) इग्नाचाक हेही त्याच वेळी बाजूला झाले.

काहींना हा निर्णय घाईचा वाटतो. मला तो अगदी बरोबर वाटतो, कारण क्लब त्याने सोडला नव्हता. अंतिम सामना संपला, आणि तो पुन्हा बेउखातुफच्या त्या छोट्या हॉलमध्ये जाऊन आणखी सहा वर्षं खेळला.

2020 मध्ये तो ग्दान्स्कच्या ट्रेफ्ल क्लबात गेला. तिथे त्याचा प्रशिक्षक होता मिखाउ विन्यार्स्की, त्याच 1983 सालचा, स्क्रातला जुना सोबती आणि जगज्जेत्या संघाचा कर्णधार. पुढच्या वेळी मामा-भाचे ग्दान्स्कला जाणार आहोत, आणि या वेळी बेत भाच्याने आखलाय.