लॅपटॉप, दोन फोन आणि जुना टॅब: जोडकामाची तिसरी नोंद

मागच्या नोंदीत गाडी इथवर आली होती: कुबुंटू या लिनक्सवरचा लॅपटॉप, माझा अँड्रॉइड फोन, आईचा फोन आणि कपाटातून बाहेर काढलेला अँड्रॉइड ७ चा टॅब. चौघंही एकाच वायफायवर, पण एकमेकांशी अबोला. आता बोलणं सुरू झालंय. अट तीच ठेवली आहे. टेबलावर शेजारी पडलेल्या फोनमधला फोटो लॅपटॉपवर यायला परदेशातल्या कुणाच्या सर्व्हरची वारी करून यायला नको. जे व्हायचं ते घरातल्या घरात.

सगळं एकाच ॲपने व्हावं हा नाद मात्र सोडला. निरोप-निरोपी केडीई कनेक्टकडे, फायली सिंकथिंगकडे, फोनचा पडदा एस-सी-आर-सी-पी-वायकडे (आपण बोलताना स्क्रीनकॉपीच म्हणतो, इथेही तसंच लिहितो) आणि आल्यागेल्याच्या फोनसाठी लोकलसेंड. चौघांची कामं वेगळी ठेवल्यापासून भांडणं मिटली.

सगळ्यात जास्त डोकं खाल्लं ते एकमेकांना सापडण्याने. केडीई कनेक्ट २०१३ पासून आहे, तेव्हा एका विद्यार्थ्याचा गूगल समर ऑफ कोडमधला प्रकल्प होता तो. त्याची पद्धत सरळ आहे. फोन वायफायवर यूडीपीने (सगळ्यांना ऐकू जाईल अशी) हाळी देतो, लॅपटॉप ती ऐकतो आणि मग दोघं टीसीपीवर (दोघांतल्याच जोडणीवर) एन्क्रिप्टेड बोलणं सुरू करतात. त्यासाठी १७१४ ते १७६४ हे पोर्ट (यंत्राचे क्रमांक दिलेले दरवाजे) टीसीपी आणि यूडीपी दोन्हींसाठी उघडे लागतात. यूएफडब्ल्यू या लॅपटॉपच्या फायरवॉलमध्ये ते उघडले, तरी लॅपटॉपला फोन दिसेना. मग लॅपटॉपवरून फोनच्या आयपीला, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्याला, पिंग करून (‘आहेस का?’ असं विचारून) पाहिलं, तर तेही जाईना. म्हणजे दोष केडीई कनेक्टचा नाहीच. इंटरनेटवाल्याने बसवून दिलेल्या राउटरवर एपी आयसोलेशन चालू होतं: वायफायवरचं प्रत्येक यंत्र बाहेर जाऊ शकतं, पण शेजाऱ्याशी बोलू शकत नाही. हॉटेलात हे असावंच, घरात काय कामाचं? ते बंद केलं आणि क्षणात फोन यादीत. गेस्ट नेटवर्कवरही बहुतेक राउटरांत हीच भिंत असते. तेव्हा ‘सापडत नाही’ असं म्हणून ॲप काढून पुन्हा टाकण्याआधी पिंग करा. पेअर करताना दोन्ही पडद्यांवर एक छोटी की दिसते, ती जुळवून बघा. लोक न बघताच ‘स्वीकारा’ दाबतात.

दुसरी अडचण फोनचीच. अँड्रॉइड ६ पासून डोझ (पडून राहिलेल्या फोनवरची ॲपं झोपवणारी सोय) आलं आणि त्यावर प्रत्येक फोनवाल्याने बॅटरी वाचवायच्या नावाखाली आपापली कात्री चालवली. पडदा बंद होऊन थोडा वेळ गेला की केडीई कनेक्ट गपगार. बॅटरी सेटिंगमध्ये ‘निर्बंध नाही’ करायचं, ऑटोस्टार्ट चालू करायचं आणि रीसेंट ॲप्समध्ये त्याला कुलूप लावायचं. माझ्या फोनवर तिन्ही करावं लागलं. आईच्या फोनवर पहिल्यानेच भागलं.

आता रोजच्या वापरात काय टिकलं ते सांगतो. फोन वाजला की लॅपटॉपवरचं गाणं आपोआप थांबतं आणि बोलणं संपलं की पुन्हा सुरू होतं. अंथरुणात पडून व्हिडिओ बघताना फोनवरूनच आवाज कमी-जास्त करता येतो. ‘कमांड चालवा’मध्ये लॅपटॉप सस्पेंड करायची कमांड टाकून ठेवली आहे, त्यामुळे दिवा मालवल्यावर उठावं लागत नाही. ‘फोन शोधा’ हे बटण आमच्या घरात सगळ्यात जास्त दाबलं जातं, फोन सायलेंटवर असला तरी वाजतो. नोटिफिकेशनं मात्र चाळून घेतली. बँक आणि यूपीआयची ॲपं यादीतून काढली, कारण लॅपटॉपच्या कोपऱ्यात आपली शिल्लक कुणाला दिसायला नको. अँड्रॉइड १५ तसाही ओटीपीची नोटिफिकेशनं बहुतेक बाहेरच्या ॲपांपासून झाकतो.

क्लिपबोर्डबद्दल प्रत्येक जण विचारतो, म्हणून लिहून ठेवतो. लॅपटॉपवर कॉपी केलेलं फोनवर आपोआप येतं. उलट दिशेने येत नाही, आणि हा बिघाड नव्हे. अँड्रॉइड १० पासून समोर उघडं असलेलं ॲप किंवा चालू कीबोर्ड यांनाच क्लिपबोर्ड वाचता येतो. त्यामुळे फोनवरून पाठवायचं तर नोटिफिकेशनमधलं ‘क्लिपबोर्ड पाठवा’ दाबावं लागतं. एडीबीने (लॅपटॉपवरून फोनला कमांड देणारं साधन) जास्तीची परवानगी देऊन यातून वाट काढता येते, पण मी काढली नाही. पासवर्ड मॅनेजरमधून कॉपी केलेला पासवर्ड कुठल्याही ॲपने पाठीमागे बसून वाचावा असं मला वाटत नाही. एक टिचकी जास्त पडली तर पडू दे.

आणि मराठी लिहिणाऱ्यांसाठी हीच खरी सोय आहे. सोसायटीच्या ग्रुपवर लांबलचक निरोप टाकायचा असेल तर लॅपटॉपवर इन्स्क्रिप्ट या देवनागरी कीबोर्डमध्ये भराभर टाइप करायचा, कंट्रोल-सी, आणि फोनवर पेस्ट. स्क्रीनकॉपीच्या खिडकीत थेट देवनागरी टाइप करायला गेलात तर अक्षरं पोचत नाहीत, कारण त्याची नेहमीची पद्धत मुख्यतः साध्या रोमन अक्षरांपुरती आहे. तिथेही कंट्रोल-व्ही चालतं.

फायलींचं काम सिंकथिंगने अंगावर घेतलं. त्याचं वेब-पान १२७.०.०.१ वर (म्हणजे त्याच यंत्रावर) ८३८४ पोर्टला उघडतं आणि यंत्रं एकमेकांना लांबलचक डिव्हाइस आयडीने ओळखतात. तो हाताने टाइप करायच्या भानगडीत पडू नका, क्यूआर स्कॅन करा. मूळ अँड्रॉइड ॲप डिसेंबर २०२४ मधल्या शेवटच्या आवृत्तीनंतर थांबलं, त्यामुळे दोन्ही फोनांवर सिंकथिंग-फोर्क (त्याचीच दुसऱ्यांनी पुढे चालवलेली आवृत्ती) आहे. फक्त वायफायवर आणि चार्जिंगला लावल्यावरच चालेल असं ठेवलंय. रात्री फोन चार्जिंगला लागतात आणि सकाळी फोटो लॅपटॉपवर आलेले असतात.

इथे एक गोष्ट नव्या मंडळींनी नीट समजून घ्यावी. सिंक म्हणजे बॅकअप नव्हे. आईने फोनवर जागा करायला फोटो उडवले की ते लॅपटॉपवरूनही उडतात. फोनकडच्या फोल्डरला ‘फक्त पाठवा’ केलं तरी पुसणं हाही एक बदलच, तोही इमानेइतबारे पाठवला जातो. म्हणून लॅपटॉपच्या बाजूला फाइल व्हर्जनिंग चालू केलं, ‘ट्रॅश कॅन’ प्रकारचं. पुसलेलं सगळं एका लपलेल्या फोल्डरात जाऊन बसतं, तिथून महिन्याकाठी मी बाहेरच्या हार्ड डिस्कवर हलवतो. आईच्या फोनवर इग्नोरच्या यादीत व्हॉट्सॲपच्या चित्रांचं फोल्डर घातलं. सुप्रभाताची फुलं, देवांचे फोटो आणि चहाचे वाफाळते कप, नाहीतर हार्ड डिस्क त्यातच भरली असती.

पासवर्डची कीपास फाइलही सिंकथिंगनेच फिरते. दोन्हीकडे एकाच वेळी बदल झाला तर नावात ‘सिंक-कॉन्फ्लिक्ट’ आणि तारीख-वेळ घातलेली दुसरी फाइल तयार होते. साध्या नोंदींच्या बाबतीत ती वाचून हाताने जुळवावी लागते. कीपास-एक्ससीमध्ये मात्र दोन डेटाबेस एकत्र करायची सोय आहे, दोन क्लिकांत काम होतं.

आता एक खास आपला मराठमोळा घोळ. लॅपटॉपवर ‘दौऱ्याचे हिशेब’ नावाच्या दोन फायली दिसायला लागल्या. नावं डोळ्याला तंतोतंत सारखी, कॉन्फ्लिक्टचा शिक्काही नाही. एकाच फोल्डरात एकाच नावाच्या दोन फायली राहूच शकत नाहीत, म्हणून दोन्ही नावं टर्मिनलमध्ये हेक्स-डंपला (अक्षरांमागचे कोड दाखवणाऱ्या कमांडला) घातली. तेव्हा कळलं की चोर ‘ऱ्या’मध्ये आहे. लॅपटॉपवर इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्ट आणि जे दाबून येणारा ‘ऱ’, त्याला हलन्त आणि य, असं ते लिहिलं गेलं होतं. फोनवरून आलेल्या नावात साधा ‘र’, हलन्त, मग न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर आणि य. अक्षरांचे कोड ठरवणाऱ्या युनिकोडला दोन्ही मान्य आहेत, दुसरी पद्धत जुन्या मजकुरासाठी राखलेली आहे. पण नॉर्मलायझेशन (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं सारखी करणं) या दोघांना एक करत नाही, त्यामुळे सिंकथिंगच्या लेखी त्या दोन स्वतंत्र फायली, आणि त्याचं बरोबरच आहे. शोधतानाही हाच घोळ: एका पद्धतीने टाइप केलं की दुसरी सापडेलच असं नाही. आता एक छोटी स्क्रिप्ट नावातला र-हलन्त-जॉइनर शोधून तिथे ऱ-हलन्त घालते. ज्यांच्या फायलींच्या नावांत दुसऱ्या, वाऱ्या, शेतकऱ्यांचे अशी मंडळी आहेत त्यांनी एकदा तपासून घ्यावं.

हजारो बारक्या फायली एकदाच उतरवायच्या असतील तर सिंक नको आणि एमटीपी (यूएसबीने जोडलेला फोन फाइल मॅनेजरमध्ये उघडायची नेहमीची पद्धत) तर नकोच. पूर्वी फोन पेन ड्राइव्हसारखा जोडला जायचा, एमटीपी आल्यापासून फाइल मॅनेजर प्रत्येक फाइलसाठी फोनला विचारत बसतो. टॅबमधले जुने फोटो यूएसबी वायर लावून एडीबीच्या ‘पुल’ कमांडने ओढले. मधे एकदाही अडकलं नाही.

स्क्रीनकॉपीही मी वायरीवरच वापरतो. वायरलेस डीबगिंग अँड्रॉइड ११ पासून आहे, सहा आकडी कोड देऊन पेअर होतं, पण वायफाय बदललं की ते बंद होतं आणि पोर्टही बदलत राहतो. वायर लावली की पडदा जवळपास हाताबरोबर हलतो. बँकेची ॲपं त्यात काळी दिसतात, ती मुद्दाम केलेली सुरक्षा आहे. मला खरा उपयोग झाला तो कॅमेऱ्याचा. फोन अँड्रॉइड १२ किंवा वरचा असेल तर स्क्रीनकॉपी २.२ पासून पडद्याऐवजी कॅमेरा पाठवता येतो, आणि लिनक्सवर व्ही-फोर-एल-टू-लूपबॅक टाकलं की मीटिंगच्या ॲपला तो साधा वेबकॅम दिसतो. लॅपटॉपच्या मुळच्या कॅमेऱ्यात माझा चेहरा धुक्यात असायचा, आता पाठीमागच्या कपाटातल्या पुस्तकांची नावं वाचता येतात. हे सोयीचं की गैरसोयीचं, ते पुस्तकांवर अवलंबून.

आयफोनवाली बहीण आली की लोकलसेंड. केडीई कनेक्ट आयफोनवरही आहे, पण तिथे ॲप समोर उघडं असेपर्यंतच त्याचं चालतं. लोकलसेंडला आयफोनवर ‘लोकल नेटवर्क’ची परवानगी द्यायला आणि आपल्या फायरवॉलमध्ये ५३३१७ पोर्ट उघडायला विसरू नका.

वीज गेली की राउटर जातो आणि ही सगळी मांडणी मुकी होते. फोनचा हॉटस्पॉट चालू करून लॅपटॉप त्याला जोडला तर केडीई कनेक्ट चालतं. हाळी ऐकू गेली नाही, तर फोनवर ‘आयपीने उपकरण जोडा’मध्ये लॅपटॉपचा पत्ता टाकायचा. राउटरसाठी १२ व्होल्टचा छोटा यूपीएस आणायचं ठरवलंय.

सध्या टॅबवर काम चाललंय, त्याला दुसरा मॉनिटर करायचंय. केआरएफबी या केडीईच्या पडदा वाटून देणाऱ्या ॲपच्या व्हर्च्युअल मॉनिटरने वेलँडवर (लिनक्सची पडद्यावर चित्र काढणारी व्यवस्था) नवा पडदा तयार होतो आणि टॅबवर व्हीएनसीने (दुसऱ्या यंत्राचा पडदा दाखवायची पद्धत) तो दिसतो. वायफायवर माउस ओढला की चित्र मागून येतं. यूएसबी लावून एडीबीच्या ‘रिव्हर्स’ कमांडने व्हीएनसीचा ५९०० पोर्ट टॅबकडे वळवला आणि टॅबच्या व्हीएनसीला लोकलहोस्टचा, म्हणजे टॅबचा स्वतःचाच, पत्ता दिला, तेव्हा मजकूर वाचण्याइतकं सुरळीत झालं. माउसचा बाण मात्र अजून दोनदा दिसतो, एक टॅबने काढलेला आणि एक लॅपटॉपने. अँड्रॉइड ७ वर चालणारा आणि स्वतःचा बाण लपवता येणारा व्हीएनसी व्ह्यूअर कुणाकडे असेल तर कळवा.