अंदमानचा बेत, तिथी पाहून

काही वर्षांपूर्वी आम्ही अंदमानला गेलो होतो, तेव्हा सगळा बेत विमानाच्या तिकिटांवरून आखला होता. परतीच्या दिवशी सकाळी हॅवलॉक बेटाहून बोटीने पोर्ट ब्लेअर गाठायचे आणि दुपारचे विमान पकडायचे, असे कागदावर फार सुबक दिसत होते. आदल्या रात्री वारा सुटला, आणि सकाळी धक्क्यावर पोहोचलो तर त्या दिवशीच्या फेऱ्या रद्द झाल्याचे समजले. आई धक्क्यावरच बॅगेवर बसून समोरच्या पाण्याकडे पाहत होती, भाऊ फोनला रेंज मिळावी म्हणून इकडून तिकडे फिरत होता, आणि आमचे विमान आमच्याशिवाय गेले. येत्या फेब्रुवारीत आम्ही तिघे पुन्हा जाणार आहोत, आणि या वेळी वहीत पहिली नोंद केली आहे ती चंद्राची.

त्याआधी नावांचा घोळ निस्तरावा लागतो. नेताजी सुभाषचंद्र बोस यांनी ३० डिसेंबर १९४३ रोजी पोर्ट ब्लेअरला तिरंगा फडकवला होता. त्या घटनेला ७५ वर्षे झाली त्या दिवशी, म्हणजे ३० डिसेंबर २०१८ रोजी, हॅवलॉकचे स्वराज द्वीप आणि नीलचे शहीद द्वीप झाले. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरला श्री विजयपुरम हे नाव मिळाले. तिकिटे काढताना दोन्ही नावे ठाऊक असावीत, नाहीतर आपण भलत्याच बेटाची बोट पाहत आहोत की काय, अशी शंका येत राहते. मी इथे तोंडात बसलेली जुनीच नावे वापरते आहे.

ऋतूच्या बाबतीत आपल्याकडचा अंदाज तिथे चालत नाही. आपला पावसाळा सप्टेंबरअखेर ओसरतो. अंदमानला मात्र नैर्ऋत्य मोसमी पावसानंतर ईशान्य मोसमी वाऱ्यांचाही पाऊस मिळतो, आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर हे बंगालच्या उपसागरातील चक्रीवादळांचे दिवस असतात. डिसेंबर म्हणजे हमखास कोरडा, असेही धरून चालू नये. डिसेंबर २०१६ मध्ये हॅवलॉक आणि नील बेटांवर शेकडो पर्यटक वादळी हवामानामुळे अडकले होते आणि त्यांना आणण्यासाठी नौदलाची जहाजे पाठवावी लागली होती. म्हणून आम्ही फेब्रुवारी निवडला, कारण तेव्हा समुद्र बहुधा शांत असतो आणि एप्रिल-मे महिन्यांचा उकाडाही सुरू झालेला नसतो.

आता चंद्राकडे वळते. कोकण किनाऱ्यावर तिथीला तीनने गुणून चारने भागले की भरतीची वेळ ढोबळमानाने निघते, हे पुष्कळांना माहीत असते. मी मोठ्या उत्साहाने तोच हिशेब अंदमानला लावायला गेले आणि तो साफ चुकला, कारण चंद्र माथ्यावर आल्यानंतर किती वेळाने भरती येते, हे प्रत्येक किनाऱ्याचे वेगळे असते. तिथली वेळ तिथल्याच भरती-ओहोटीच्या तक्त्यातून घ्यावी लागते. मात्र भरती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते, आणि अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला पाणी जितके वर चढते तितकेच ओहोटीला खाली उतरते, हे तिथेही लागू आहे. ६ फेब्रुवारी २०२७ रोजी अमावास्या आहे, आणि आमच्या नऊ दिवसांच्या साधारण मधोमध ती तारीख मी मुद्दाम बसवली आहे.

या खटाटोपाचे कारण नील बेटावर आहे. लक्ष्मणपूरच्या एका किनाऱ्यावर लाटांनी कोरलेली खडकाची नैसर्गिक कमान आहे, जिला स्थानिक लोक हावडा ब्रिज म्हणतात. तिच्यापर्यंत जायची वाट प्रवाळी खडकांवरून जाते आणि ती ओहोटीलाच मोकळी होते. उधाणाच्या ओहोटीला पाणी लांबवर मागे हटते, आणि खडकांतल्या डबक्यांमध्ये समुद्रकाकड्या (काकडीच्या आकाराचे समुद्री जीव) आणि लहानसहान खेकडे अडकलेले सापडतात. मागच्या खेपेला आम्ही भरतीच्या वेळी जाऊन कमान दुरूनच पाहिली होती. आईच्या गुडघ्यांचा विचार करता या वेळी ओहोटी तळाला जाण्याच्या तासभर आधी निघायचे, म्हणजे निसरड्या दगडांवरून परतताना घाई होणार नाही, असे ठरले आहे. पायात चपला नकोत, घट्ट बसणारे पाणबूट हवेत.

हीच ओहोटी पोहायला मात्र गैरसोयीची ठरते. हॅवलॉकच्या पूर्वेकडच्या विजयनगर किनाऱ्यावर पाणी इतके मागे जाते की गुडघाभर पाण्यासाठीसुद्धा खडकांतून बरेच चालावे लागते. नीलच्या भरतपूरलाही उथळ पाण्यात तोच अनुभव येतो. पश्चिमेकडे तोंड करून असलेला राधानगरचा पांढरा वाळूचा किनारा त्या मानाने सोयीचा, आणि सूर्यास्तही तिथलाच पाहावा. (हॅवलॉकच्या गावांची नावे गोविंदनगर, श्यामनगर, कृष्णनगर, राधानगर, तर नीलच्या गावांची रामनगर, सीतापूर, भरतपूर, लक्ष्मणपूर. फाळणीनंतर पूर्व बंगालमधून आलेल्या कुटुंबांनी ही गावे वसवली. एका बेटावर कृष्णकथा आणि दुसऱ्यावर रामायण, ही वाटणी मला फार आवडते.) हॅवलॉकला अमावास्येचा दुसरा फायदा असा की काळोख्या रात्री, नशीब असेल तर, पाण्यात हात फिरवताच निळसर प्रकाश चमकतो. हा सूक्ष्म जीवांचा उजेड चांदण्यात दिसेनासा होतो.

सूर्याचे वेळापत्रकही तिथे वेगळे आहे. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखांशावर ठरते आणि अंदमान जवळजवळ ९३ अंशांवर आहे, त्यामुळे तिथला सूर्य घड्याळाच्या सुमारे चाळीस मिनिटे पुढे चालतो. फेब्रुवारीच्या सुरुवातीला साडेपाचच्या आत सूर्य मावळतो. दुपारी जेवून, झोपून, सहा वाजता किनाऱ्यावर जाऊ असे म्हणणाऱ्यांना अंधारच पाहायला मिळतो.

भावाला स्कूबा डायव्हिंग करायचे आहे. त्याला दोन गोष्टी बजावल्या आहेत. सर्दी असेल तर पाण्यात उतरायचे नाही, कारण कानातला दाब मोकळा होत नाही. आणि शेवटच्या बुडीनंतर निदान १८ तास विमानात बसायचे नाही, कारण शरीरात विरघळलेला नायट्रोजन निघून जायला वेळ लागतो. म्हणून डायव्हिंग सुरुवातीलाच, हॅवलॉकच्या दुसऱ्या दिवशी ठेवले आहे. कुठेही अनोळखी खाडीत किंवा खारफुटीजवळ पोहायचे नाही, हा नियम तिघांनाही लागू आहे, कारण खाऱ्या पाण्यातल्या मगरी तिथे खरोखरच आहेत आणि २०१० मध्ये राधानगरजवळच्या खाडीसारख्या कोपऱ्यात एका परदेशी तरुणीचा जीव मगरीच्या हल्ल्यात गेला होता. शंखशिंपले किंवा प्रवाळाचे तुकडे उचलून आणायचे नाहीत, हे वेगळे सांगायला नको. विमानतळावरच्या तपासणीत ते निघतात.

बाराटांगच्या चुनखडीच्या गुहांना मी यादीतून वगळले आहे. तिकडे जाणारा रस्ता जारवा या तिथल्या आदिवासी जमातीच्या राखीव क्षेत्रातून जातो, आणि वाहनांच्या ताफ्यातून काचेपलीकडे माणसे दिसतात का हे पाहत जाणारे पर्यटक मी मागच्या वेळी ऐकले आहेत. सेल्युलर जेलसाठी मात्र पहिला दिवस पूर्ण राखला आहे. इमारतीच्या सात भुजांपैकी आता तीनच उभ्या आहेत, पण त्या कोठड्यांपुढून चालायला वेळ लागतो, आणि समुद्रकिनाऱ्याच्या दोन भेटींमध्ये ते उरकणे मला जमणार नाही.

शेवटी बेटांचा क्रम असा ठरला: ३ तारखेला पोहोचायचे, ४ ते ६ हॅवलॉक, ७ आणि ८ नील, ९ ला पोर्ट ब्लेअरला परत, आणि विमान ११ चे. १० तारखेच्या रकान्यात मी काहीही लिहिलेले नाही. भावाने तिथे पोर्ट ब्लेअरजवळचा चिडिया टापू लिहायचा दोनदा प्रयत्न केला आहे. ९ ची बोट वेळेवर निघाली तर जाऊ, असे त्याला सांगितले आहे.