आमची वाटचाल : "बेल्ट तेवढा टाकून द्या"

दुकानात येणारं जवळपास प्रत्येक गिऱ्हाईक हेच वाक्य घेऊन येतं. जुन्या चादरीत गुंडाळलेला रेकॉर्ड प्लेअर काउंटरवर ठेवतं आणि म्हणतं, "बाकी सगळं ठणठणीत आहे, बेल्ट तेवढा टाकून द्या." मी मान डोलावतो, पावती फाडतो आणि पावतीवर 'बेल्ट' न लिहिता 'तपासणी' लिहितो. खरोखर फक्त बेल्टच, म्हणजे मोटरच्या जोरावर रेकॉर्डखालची थाळी फिरवणारा रबरी पट्टाच, गेलाय असे नग इतक्या वर्षांत बोटांवर मोजण्याइतके आले.

दुकान अण्णांचं, म्हणजे वडिलांचं. १९७२ चा दुष्काळ सरल्यावर त्यांनी ते परभणीत टाकलं. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणायला ठीक आहे, पण त्या परभणीत नुसत्या रेडिओ दुरुस्तीवर घर चालत नसे. म्हणून लग्नसराईत लाऊडस्पीकर भाड्यानं द्यायचा. कर्णे, अॅम्प्लिफायर, बॅटरी आणि रेकॉर्ड प्लेअर बैलगाडीत घालून अण्णा गावोगाव जायचे. मांडवात पोरं नाचायला लागली की जमीन हादरते आणि सुई उडते. त्यावर त्यांचा उपाय होता ज्वारीचं अर्धं भरलेलं पोतं. पोत्यावर पाट, पाटावर प्लेअर. हादरा ज्वारीत जिरायचा. आज याच कामासाठी लोक महागडे रबरी पाय मागवतात, तेव्हा मला ते पोतं आठवतं.

मग कॅसेट आली आणि प्लेअर पोटमाळ्यावर गेले. अण्णांनी टेपरेकॉर्डर, मग टीव्ही, मग डिश असं जे येईल ते केलं. मी दुकानात बसायला लागलो तेव्हा माळ्यावर अकरा प्लेअर होते आणि एकाही प्लेअरला गिऱ्हाईक नव्हतं.

टर्नटेबल, म्हणजे रेकॉर्ड प्लेअर, हाच धंदा करायचा, हे माझ्या डोक्यात घातलं एका म्हाताऱ्या माणसानं. २००९ ची गोष्ट. अंबाजोगाईहून एक निवृत्त संगीत शिक्षक आले. आम्ही त्यांना गुरुजीच म्हणतो. त्यांच्या मुलानं अमेरिकेहून येताना तिथलं जुनं बेल्टवर चालणारं टर्नटेबल आणलेलं. मुलगा हुशार, २३० व्होल्टला थेट लावलं नाही, व्होल्टेज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर आणून जोडला. मशीन फिरत होतं, पण गाणं जड येत होतं. मी पाहिलं, बेल्ट सैल होता. नवा टाकला, पैसे घेतले, गुरुजींना एस.टी.त बसवून दिलं. आठवड्यानं ते परत हजर.

"अरे बाबा, काळी चारात गाणारी बाई ह्याच्यावर पांढरी चारात गायलीय. तीही जरा उतरूनच."

म्हणजे पेटीवर तीन पट्ट्या खाली. एवढं काही बेल्ट करत नाही. त्या रात्री मोटरवरची चकती नीट वाचली. १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ, म्हणजे विजेची सेकंदाला ६० आवर्तनं. आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची. ही सिंक्रोनस मोटर व्होल्टेजच्या नव्हे, विजेच्या हर्ट्झच्या तालावर फिरते. व्होल्टेज कितीही बरोबर द्या, ती सहाच्या जागी पाचच फेरे मारणार. मिनिटाला ३३⅓ फेऱ्यांऐवजी थाळी पावणेअठ्ठावीस घेत होती. गुरुजींच्या कानानं पेटीवर मोजलं तेच कागदावर निघालं. (जपानात पूर्वेला ५० आणि पश्चिमेला ६० हर्ट्झ अशी दोन्ही वीज आहे. त्यामुळे तिकडच्या बऱ्याच मशीनबरोबर मोटरच्या दोन पुल्या (बेल्ट ज्यावरून फिरतो ती चाकं) तरी येतात किंवा बदलायची सोय तरी असते. अमेरिकेतून आलेल्यांत ती क्वचितच सापडते.)

उपाय सोपा वाटला. मोटरच्या टोकावरची पुली सव्वापटीहून थोडी कमी, म्हणजे १.२ पट जाड करायची. जुनी पुली १० मिलिमीटर, नवी १२. त्या वेळी औरंगाबादच्या म्हणायचो त्या वाळूज एमआयडीसीत माझ्या ओळखीचे एक चाचा लेथवर काम करायचे. दिवसभर गाड्यांचे सुटे भाग कापायचे आणि संध्याकाळी अशी किरकोळ कामं घ्यायचे. मी सवयीनं सुतात, म्हणजे इंचाच्या आठव्या भागात, बोलायला लागलो, तर म्हणाले, "सूत में नको बोलो, मायक्रॉन में बोलो." पितळेच्या दांडीतून बारा मिलिमीटरची पुली काढून दिली, आरशासारखी.

परभणीत आणून बसवली. वेग तपासायला स्ट्रोबची चकती असते, कडेला १८० रेघा मारलेली. आपल्या विजेवरचा दिवा सेकंदाला १०० वेळा उघडझाप करतो. त्या उजेडात थाळी बरोबर ३३⅓ ला फिरत असेल तर रेघा जागच्या जागी थांबलेल्या दिसतात. हल्लीच्या बऱ्याच एलईडी बल्बांत हे दिसत नाही. म्हणून आम्ही जुन्या स्विचबोर्डावरचा लाल निऑन इंडिकेटर एका वायरीला जोडून ठेवलाय, अजून तोच वापरतो. तो थाळीवर धरला. रेघा थांबेनात. सेकंदाला साधारण एक रेघ मागं सरकत होती.

पुन्हा वाळूज. चाचांनी पुली मोजली, बरोबर बारा. मग माझा हिशेबाचा कागद मागितला. बघितला आणि हसले. "पट्टे की मोटाई किधर है इसमें?"

बेल्ट पुलीवर बसतो तेव्हा फेरा पुलीच्या कडेवर मोजायचा नसतो, बेल्टच्या जाडीच्या मध्यावर मोजायचा असतो. बेल्ट ०.६ मिलिमीटरचा. म्हणजे दहाचे खरे १०.६, त्याच्या १.२ पट १२.७२, त्यातून बेल्ट वजा केला की पुली १२.१२ ची हवी. मिलिमीटरचा आठवा भाग. पट्ट्यावर चालणारे जुने लेथ ज्यानं हाकले त्याला हे सांगावं लागत नाही, मला सांगावं लागलं. दुसरी पुली बसली आणि रेघा अशा थांबल्या की थाळी फिरतेय की नाही म्हणून मी बोट लावून पाहिलं.

तरी एक गोष्ट राहिलीच होती. मोटर भलतीच तापत होती. याचं उत्तर आमच्याच गल्लीत मिळालं, बोअरच्या जळालेल्या पाणबुडी मोटारींत नवी तार भरून देणाऱ्या मिस्त्रीकडे. ते म्हणाले, हर्ट्झ कमी झाले की व्होल्टही त्याच हिशेबानं उतरवायला पाहिजेत. १२० च्या जागी १०० द्या. शंभराचा ट्रान्सफॉर्मर त्यांनीच गुंडाळून दिला. मराठवाड्यात बोअरच्या मोटारी जितक्या जळतात तितकं ज्ञान या लोकांकडे साठलंय.

गुरुजी मशीन न्यायला आले ते पेटी घेऊनच. नेमकं लोडशेडिंग. मी दुकानाचा छोटा पेट्रोल जनरेटर चालू केला, निऑन लावून रेघा दाखवल्या. अगदी स्थिर. गुरुजींनी रेकॉर्ड लावली, पेटीचा भाता दाबला आणि मान हलवली. "उतरलंय." मी पुन्हा रेघा दाखवल्या. ते पुन्हा म्हणाले, "उतरलंय."

त्यांचंच खरं होतं. जनरेटर ५० ऐवजी ४८ हर्ट्झच्या आसपास चालत होता. मोटर त्याच विजेवर आणि निऑनही त्याच विजेवर. दोघं मिळून एकाच मापानं खोटं बोलत होते, त्यामुळे रेघा थांबलेल्या. मग थाळीच्या कडेला कागदाची चिठ्ठी लावून फेरे मोजले. ३३⅓ च्या वेगानं शंभर फेऱ्यांना बरोबर १८० सेकंद लागायला हवेत. लागले १८७. तेव्हापासून आमच्याकडून एकही मशीन रेघा बघून बाहेर जात नाही. थाळीवर चिठ्ठी, हातात स्टॉपवॉच, शंभर फेरे. मोबाइलवरच्या अॅपनं हे दहा सेकंदांत होतं, माहीत आहे. पोरगा अॅप लावतो, मी फेरे मोजतो.

तर 'बेल्ट तेवढा' याबद्दल. मशीन आलं की आम्ही आधी बेल्ट काढूनच टाकतो. थाळी बोटानं फिरवायची, सोडून द्यायची आणि कान तिच्याजवळ न्यायचा. बेअरिंग, म्हणजे थाळीचा दांडा फिरतो ते भोक, चांगलं असेल तर थाळी बराच वेळ, कुठेही न अडखळता, हळूहळू थांबते. वाईट असेल तर शेवटच्या दोन फेऱ्यांत झटका देऊन उभी राहते. आत बघितलं की कुणीतरी मायेनं भरलेलं ग्रीस वाळून मेण झालेलं. त्यात आमच्या अण्णांच्या हातचंही असतं, नाकारत नाही. बांबूच्या काडीला मलमल गुंडाळून ती भोकात फिरवायची, कापड पांढरं निघेपर्यंत. तळाची पोलादी गोळी बोटावर घेऊन उजेडात बघायची, खड्डा पडलाय का. मग स्पिंडल ऑइलचे चार थेंब. दांडा आत सोडला की तो आपोआप, सावकाश, हवा दाबत उतरतो. ते उतरणं बघायला मला अजून आवडतं.

बेल्ट त्यानंतर. तो घट्ट असावा असं सगळ्यांना वाटतं. घट्ट बेल्ट बेअरिंग एका बाजूला ओढतो आणि घरघर थेट सुईतून ऐकू येते. सैल असला तर रेकॉर्डमधल्या तंबोऱ्याचा सूर लहरतो. सायकलच्या ट्यूबचे कापलेले बेल्ट, ब्लाउजचं इलॅस्टिक, केसांचे रबर, सगळं बघून झालंय. आम्हीही एकदा फसलो. एका व्यापाऱ्याकडून पन्नास बेल्ट एकगठ्ठा घेतले. निम्म्यांना सांधा होता. तो जाड सांधा पुलीवरून गेला की दर फेऱ्याला आवाजाला लचका. उरलेले आम्ही पत्र्याखालच्या कपाटात ठेवले, ही आमची चूक. दोन उन्हाळ्यांत काकवी झाली. आता बेल्ट थोडे थोडे घेतो आणि खालच्या खोलीत, अंधारात ठेवतो.

आर्मचं, म्हणजे सुई धरणाऱ्या दांडीचं, काम माझ्या बायकोचं. माझा हात तिथं चालत नाही. आतल्या चार तारा केसाएवढ्या आणि कार्ट्रिजच्या (सुई बसते त्या डबीच्या) पिनांभोवतीचं प्लॅस्टिक सोल्डरच्या उष्णतेनं वितळतं. पांढरी-निळी डाव्या आवाजाची, लाल-हिरवी उजव्या, हे तिनं भिंतीवर खडूनं लिहून ठेवलंय आणि तरी खोलण्याआधी फोटो काढते. सुईचा भार काट्यावर तोलते. बहुतेक कार्ट्रिजना दीड ते दोन ग्रॅम लागतो. सुई उडते म्हणून वर एक रुपयाचं नाणं चिकटवलेले आर्म येतात. तिला त्याचा फार राग. नाणं काढून ती गिऱ्हाइकाला परत देते.

घरी जाऊन मशीन बसवायची वेळ आली की प्रश्न जागेचा. माळवदाच्या घरात वरच्या मजल्यावर कुणी चाललं तरी फळ्या हलतात. तीन स्प्रिंगांवर तरंगणारं टर्नटेबल तिथं पाळण्यासारखं झुलतं. गंगाखेडच्या एका वाड्यात आम्ही ते मातीच्या दीड हात जाड भिंतीतल्या फडताळात बसवलं. झाकण उघडायला जागा पुरेना, म्हणून झाकण काढून ठेवलं. तिथं बारा वर्षं सुखानं चालू आहे. सुगीत मळणीयंत्राचा भुसा उडतो तेव्हा फडताळाचं दार लावून घ्यायचं, एवढंच सांगितलंय. सुई पुसायची ती मागून पुढं, उलट कधी नाही.

मिनिटाला ७८ फेऱ्यांच्या जुन्या तबकड्यांबाबत एक कबुली. त्या लाखेच्या असतात. मी दहा-अकरा वर्षांचा असताना अण्णांना मदत म्हणून अशी एक तबकडी स्पिरिटनं चकचकीत पुसली. सुतार चपडा लाख स्पिरिटमध्ये विरघळवूनच पॉलिश करतो, हे मला कुठं माहीत! कापड तपकिरी झालं आणि गाणं गेलं. अण्णांनी मारलं नाही, पण ती तबकडी दुकानात खिळ्याला टांगून ठेवली. अजून आहे. स्पिरिट प्लॅस्टिकच्या एलपीला (३३⅓ फेऱ्यांच्या तबकडीला) पाणी मिसळून चालतं, लाखेला अजिबात नाही. आणि एलपीची बारीक सुई ७८ वर चालवू नका, त्या खोबणीला तिच्या चौपट रुंद टोकाची सुई लागते.

आज आम्ही तिघं आहोत. मी, बायको आणि पॉलिटेक्निक केलेला पोरगा. महिन्याला सहा-सात मशीन होतात, त्याहून जास्त घेत नाही. टीव्हीची दुरुस्ती बंद केली. चाचा आता काम करत नाहीत, पुल्या त्यांचा नातू कापतो आणि बेल्टची जाडी आधी विचारतो. गुरुजी दरवर्षी दिवाळीनंतर तेल घालायला मशीन आणतात. पेटी बरोबर असतेच.

लांबून मशीन पाठवणाऱ्यांना एकच विनंती. थाळी काढून वेगळी बांधा. अंगावरच थाळी ठेवून पाठवलेलं एक मशीन आमच्याकडे आलं तेव्हा दांडा वाकलेला आणि तिन्ही स्प्रिंगा निखळलेल्या होत्या. एप्रिल-मेमध्ये तर पार्सल नकोच. शक्य असेल तर स्वतः घेऊन या. जालन्याचे एक गृहस्थ मागच्या हिवाळ्यात मराठवाडा एक्स्प्रेसनं आले, मशीन सीटखाली आणि तीन किलोची थाळी फडक्यात बांधून मांडीवर. टीसीनं विचारलं, हे काय. ते म्हणाले, थाळी आहे. टीसी म्हणाला, मग जेवून घ्या की, परभणी आलीच.