वनराज भाटिया गेले त्या रात्रीचं पान

७ मे २०२१, शुक्रवार. करोनाची दुसरी लाट. आमच्या वर्तमानपत्राच्या डेस्कवर तेव्हा निधनवार्तांचं एक स्वतंत्र खातंच उघडल्यासारखं झालं होतं. जाहिराती आटल्यामुळे पानं कमी झालेली. पहिलं पान ऑक्सिजन आणि रेमडेसिविरचं, आणि उरलेल्या जागेत बसवायची गेलेली माणसं. त्या दिवशी संगीतकार वनराज भाटिया गेले. ३१ मेला त्यांनी ९४ पूर्ण केली असती.

वृत्तसंस्थेच्या कॉपीत 'अंकुर', 'मंथन', 'जाने भी दो यारो', 'तमस'चा राष्ट्रीय पुरस्कार, २०१२ची पद्मश्री असं सगळं ओळीनं होतं. शेवटी अखेरच्या वर्षांतल्या आर्थिक ओढाताणीचं एक वाक्य. वृत्तसंपादकांनी नेमकं तेच वर घ्यायला सांगितलं. कलावंताची हलाखी आमच्या पेशाला फार आवडते. माणूस हयात असताना त्याच्या कामावर चार ओळी छापायच्या नाहीत, आणि तो गेला की त्याचं पासबुक उघडायचं. मी स्पष्ट नाही म्हटलं.

"मग मराठी धागा काय ते सांग. नाहीतर सिंगल कॉलम," ते म्हणाले.

धागे भरपूर होते. भाटिया लहानपणी हिंदुस्थानी संगीत शिकले ते बी. आर. देवधरांच्या शाळेत. कुमार गंधर्वांचे गुरू तेच देवधर. त्यांचं संगीत असलेला 'भूमिका' हा सिनेमा अभिनेत्री हंसा वाडकरांच्या आत्मकथनावरचा. दूरदर्शनवरच्या 'भारत एक खोज' मालिकेचं शीर्षकगीत ऋग्वेदातल्या नासदीय सूक्तावरचं, आणि त्याचा हिंदी अवतार वसंत देवांचा. एवढ्यावर दोन कॉलम मिळाले.

फोटोला बराच वेळ गेला. आमच्या संग्रहात 'वनराज' टाकलं की गीरचे सिंह येतात, कारण फोटोओळी लिहिणाऱ्यांनी वर्षानुवर्षं सिंहाला वनराजच म्हटलंय. आडनावानं शोधलं तर दुसरेच भाटिया. या देशातल्या मोजक्या पाश्चात्त्य अभिजात संगीतरचनाकारांपैकी एकाचा फोटो मुंबईच्या वर्तमानपत्राकडे नसावा, याचा मला आजही राग येतो.

कारण भाटिया मुळात रचनाकार होते. लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये शिकलेले. नंतर पॅरिसला नामवंत संगीतशिक्षिका नादिया बुलांझे यांचे शिष्य. आस्तोर पियाझोला आणि फिलिप ग्लास हे जगप्रसिद्ध रचनाकार घडले त्याच बाईंकडे. असा माणूस १९५९ला भारतात परतला. पुढे १९६० ते ६५ दिल्ली विद्यापीठात पाश्चात्त्य संगीतशास्त्र शिकवलं, जाहिरातींच्या हजारो जिंगल्स केल्या, आणि १९७४ला श्याम बेनेगलांचा 'अंकुर' आला. त्यांच्या नावावर पियानोसाठी 'फँटेझिया अँड फ्यूग इन सी' आहे, तंतुवाद्यांसाठी 'सिन्फोनिया कॉन्चेर्तान्ते' आहे. २०१९च्या जानेवारीत विख्यात चेलोवादक यो-यो मा मुंबईत आले तेव्हा त्यांनी चेलोवर भाटियांचं 'रेव्हरी' वाजवलं. उतारवयात गिरीश कारनाडांच्या नाटकावर ऑपेरा लिहायला घेतला होता.

हे नुसतं यादीसारखं छापून भागणार नव्हतं. आपल्याकडे गायक बसल्या जागी राग उभा करतो. पाश्चात्त्य संगीतात रचनाकार प्रत्येक वाद्याचा प्रत्येक स्वर कागदावर लिहितो, आणि वाजवणारे जमेपर्यंत तो कागदच राहतो. आणि वाजवणार कोण? मुंबईच्या एनसीपीए या कलाकेंद्रात सिम्फनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडिया सुरू झाला २००६ला. तोवर कायमचा पगारी व्यावसायिक ऑर्केस्ट्रा देशात नव्हताच. भाटिया तेव्हा ७९ वर्षांचे होते. म्हणजे परतल्यापासून जवळजवळ अर्धशतक त्यांनी आपली मोठी विद्या वाद्यवृंदाविना सांभाळली. हा परिच्छेद मी दुसरा ठेवला होता.

वृत्तसंपादकांनी तो उचलून तळाशी नेला. "इतिहास खाली, गं. वाचकाला आधी चाल आठवली पाहिजे."

बाहेरच्यांना कदाचित माहीत नसेल, पण बातमी नेहमी खालून कापतात. डाक आवृत्ती आधी सुटते, तेव्हा पान लावणाऱ्याला वाचत बसायला सवड नसते. तळातल्या ओळी जागेत मावल्या नाहीत की जातात. तसंच झालं. जिल्ह्यांत गेलेल्या अंकात भाटिया निव्वळ सिनेमाचे संगीतकार होते. शहर आवृत्तीला मी हटून बसले, शोकसंदेशांची चौकट काढायला लावली, आणि त्या जागेत परिच्छेद बसवला. मुख्यमंत्री-राज्यपालांचे शोकसंदेश दरवेळी त्याच शब्दांत येतात. ते गेल्याचं कुणाच्या लक्षातही आलं नाही.

तरी माझा वाद मिटलेला नाही. आता तो वृत्तसंपादकांशी नाही, त्या परिच्छेदाशीच आहे. त्यात मी सिनेमा आणि जाहिराती 'उदरनिर्वाहासाठी' म्हटलं होतं. नंतर 'भारत एक खोज'चं शीर्षकगीत पुन्हा पुन्हा ऐकलं. वेदातली ऋचा वृंदाच्या तोंडी, स्वरांचे थर एकावर एक. हे जगण्यापुरतं केलेलं काम नाही. बेनेगलांची ही मालिका ५३ भागांची होती. दर भागाच्या सुरुवातीला दूरदर्शनवर सगळ्या देशानं ते ऐकलं. कुठल्या सभागृहानं भाटियांना एवढे कान दिले असते? आणि मुंबईच्या स्टुडिओंत नोटेशन वाचून वाजवणारी माणसं होती, त्यात गोव्याचे व्हायोलिनवादक कितीतरी. कागदावर लिहिलेलं लगेच ऐकायला मिळण्याची सोय भाटियांना या शहरात होती ती तिथेच. मग मुख्य काम कोणतं आणि जोडधंदा कोणता? वृत्तसंपादकांचा 'आधी चाल' हा आग्रह कारणासाठी चुकीचा होता, पण क्रम कदाचित बरोबर होता. परिच्छेद कापणं मात्र मला अजिबात मान्य नाही. ऑर्केस्ट्रा नव्हता हे कळल्याशिवाय त्या चालीत इतकं काय काय का भरलंय, ते समजायचं कसं?

३१ मे २०२७ला त्यांची जन्मशताब्दी सुरू नव्हे, पूर्ण होईल. रविवार पुरवणीला मी आत्ताच सांगून ठेवलंय, त्या आठवड्यातलं मधलं पान हवं. फोटोही मिळवून ठेवलाय आणि संग्रहात आडनावासकट नीट ओळ लिहून चढवलाय. आता कुणीतरी तोवर 'सिन्फोनिया' मुंबईत पुन्हा वाजवायला घ्यावी, म्हणजे पानावर कार्यक्रमाची तारीखही छापता येईल.