पर्थमधलं आत्मचित्रांचं घर

पर्थला धाकट्या बहिणीकडे गेले होते. एके दिवशी भाची म्हणाली, "मावशी, माझं लेक्चर होईपर्यंत तू आमच्या विद्यापीठातली चित्रं बघ. तिकीट नाही काही."

युनिव्हर्सिटी ऑफ वेस्टर्न ऑस्ट्रेलिया स्वान नदीला अगदी लागून आहे. कलाशाखेच्या चौकात चक्क मोर फिरतात, आपल्याकडचेच निळ्या मानेचे. तिथे थोडी रेंगाळून लॉरेन्स विल्सन आर्ट गॅलरीत शिरले.

या गॅलरीकडे क्रथर्स संग्रह आहे. ऑस्ट्रेलियात फक्त स्त्री चित्रकारांच्या कामाचा एवढा मोठा संग्रह दुसरा नाही. शीला आणि जेम्स क्रथर्स या पर्थच्याच जोडप्याने १९७०च्या दशकापासून एकेक चित्र घेत तो जमवला. मोठी संग्रहालयं बायकांच्या चित्रांकडे फारसं बघतही नव्हती तेव्हाची ही गोष्ट. २००७ साली त्यांनी तो विद्यापीठाला देऊन टाकला. घराच्या भिंती मोकळ्या करून देणं मला तरी जमलं नसतं!

संग्रहाचं खरं बळ आत्मचित्रांत आहे. आरशासमोर बसून स्वतःला न सजवता बघणाऱ्या बायका. नोरा हायसन त्यांतलीच. वडील हान्स हायसन नामांकित चित्रकार, आणि ही १९३८ मध्ये आर्चिबाल्ड हे व्यक्तिचित्रणाचं मानाचं ऑस्ट्रेलियन पारितोषिक मिळवणारी पहिली स्त्री. मला चित्रकार धुरंधरांची चित्रकार लेक अंबिका आठवली. तिचं नाव आपण वडिलांना वगळून कितीदा घेतो?

पण मी खिळून राहिले ती जूली डाउलिंगपाशी. ही आजची चित्रकर्ती, जन्म १९६९चा, बडिमिया या आदिवासी समाजातली. ती आपल्या आज्या, पणज्या, नातलग रंगवते. सरकारने आईपासून तोडून नेलेल्या मुलांच्या पिढ्या तिच्या घराण्यातही आहेत. लाल मातीचा रंग, देवादिकांच्या तसबिरीसारखी मांडणी, आणि डोळे थेट आपल्यावर रोखलेले. मी दोनदा पुढे गेले, दोनदा परत आले. ज्यांचे फोटोही धड उरले नाहीत अशा माणसांना तिने देव्हाऱ्यातली जागा दिली आहे, असं मला वाटलं.

एलिस ब्लुमानबद्दल भाचीने आधीच सांगितलं होतं. नाझी जर्मनीतून निसटून ती १९३८ मध्ये पर्थला आली, याच नदीकाठी राहिली आणि वाऱ्याने वाकलेली मेलल्यूकाची झाडं रंगवत राहिली. १९४४ च्या प्रदर्शनातली तिची नग्नचित्रं बघून गाव हादरलं होतं म्हणे.

बाहेर पडून रस्ता ओलांडला की माटिल्डा बे. तिथे तीच झाडं उभी आहेत. कागदासारखी सुटणारी पांढरी साल, वेडीवाकडी खोडं. नदीला इथले नूंगार लोक देर्बार्ल येरिगन म्हणतात. सालीवर हात ठेवून बघत होते, तेवढ्यात भाचीचा फोन आला, "झालं माझं. निघायचं?"

म्हटलं, "अर्धा तास दे गं. जूलीला परत एकदा भेटून येते."