यादी कोणी काढली?

सीए फर्ममधे ऑडिटचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा, पार्टीकडे (म्हणजे ज्याचं ऑडिट करायचं त्याच्याकडे) गेलं की आधी चहा येतो, मग फायली येतात आणि फायलींबरोबर अकाउंटंट एक यादी पुढे सरकवतो, "ही व्हाउचरं काढून ठेवलीयत, तुमचा वेळ वाचेल." वेळ वाचतो हे खरंय. पण कोणती व्हाउचरं बघायची हे त्यानेच ठरवलं तर ऑडिट त्यानेच केलं ना, आपण नुसत्या हिरव्या पेनाने टिका मारल्या.

आणि ही किरकोळ गोष्ट वाटते तशी नाहीये. सत्यम ही आयटी कंपनी आठवतेय? जानेवारी २००९ मधे तिचे चेअरमन रामलिंग राजूंचं पत्र बाहेर आलं आणि कळलं की ५,०४० कोटींची रोख आणि बँक शिल्लक फक्त पुस्तकातच होती. आता शिल्लक खरी आहे का हे बघायची पद्धत सोपी आहे, ऑडिटरने स्वतः बँकेला पत्र पाठवायचं आणि उत्तर थेट आपल्या पत्त्यावर मागवायचं. अमेरिकेच्या सेकने (तिथली शेअर बाजारावर लक्ष ठेवणारी संस्था) नंतर जी कारवाई केली त्यात हेच निघालं, की ती पत्रं पाठवायचं काम ऑडिटरने कंपनीवरच सोडलं होतं. झालं!

पीएमसी (पंजाब अँड महाराष्ट्र को-ऑपरेटिव्ह) बँकेत तर यादीच बनावट. एचडीआयएल या बिल्डर ग्रुपच्या खात्यांसकट ४४ कर्जखाती लपवायला त्यांच्या जागी २१,०४९ छोटी खोटी कर्जखाती दाखवली, रिझर्व्ह बँकेला दिलेल्या माहितीत. छोट्या छोट्या रकमा, कोण कशाला उघडून बघतंय. एमडींनी आपल्या कबुलीपत्रात असंही लिहिलं होतं की बँक वाढत होती, ऑडिटरांना वेळ कमी, म्हणून ते फक्त नवीन वाढलेलं कर्ज तपासायचे. सप्टेंबर २०१९ मधे रिझर्व्ह बँकेचे निर्बंध आले तेव्हा खातेदाराला सहा महिन्यांत सुरुवातीला फक्त १,००० रुपये काढता येणार होते, आणि त्यात रिटायर झालेली, सगळी पुंजी तिथेच ठेवलेली माणसं किती होती (त्यांचा यात काय दोष, त्यांनी तर ऑडिट झालेली बॅलन्सशीटच बघितली असणार).

मला राग येतो तो "आमच्यावर विश्वास नाही का?" या वाक्याचा. स्टॉक मोजायला गोडाऊनमधे गेलो आणि पुढच्या थप्पीऐवजी मागची पोती खाली उतरवायला सांगितली की मालकाचं तोंड बघण्यासारखं होतं, हमाल पण वैतागतात, आमचेच सर डोळ्यांनी खुणावतात की जाऊ दे आता. अरे, विश्वास नसता तर तुमचं काम घेतलंच नसतं. उलट जो मालक न कुरकुरता पोती उतरवून देतो त्याच्याबद्दल मला जास्त खात्री वाटते. माझा हा अनुभव आहे, नियम नाही.

पण सरांचं तरी काय चुकतं, फी तोच मालक देतो आणि पुढच्या वर्षी कोणाला बोलवायचं तेही तोच ठरवतो. रिझर्व्ह बँकेने २०२१ मधे नागरी सहकारी बँकांसाठी निदान एवढं केलं की ऑडिटर नेमताना त्यांची परवानगी लागते आणि सलग तीनच वर्षं ठेवता येतो. प्रायव्हेट पार्ट्यांमधे मात्र कित्येक ठिकाणी वडिलांच्या काळापासून तोच सीए आहे आणि हे ते कौतुकाने सांगतात.